गाडी जळाली, विमावाले म्हणतात कंपनीकडे जा, कंपनी म्हणते विम्याकडे!

प्रश्न : आमची पेट्रोल कार सव्वादोन वर्षांची आहे. मागच्या महिन्यात रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती. बंद करून तासभर झाला असेल, तेवढ्यात बॉनेटमधून धूर यायला लागला. मिस्टर बॉनेट उघडायला गेले आणि त्यांचा उजवा हात भाजला. अग्निशमनची गाडी येईपर्यंत पुढचा सगळा भाग आणि डॅशबोर्ड गेला. शेजारच्या काकांची स्कूटर जळाली, सोसायटीच्या मीटर-बोर्डाची वायरिंगही गेली. विमा 'फुल' आहे, आयडीव्ही (गाडीची विम्यात धरलेली किंमत) सात लाख. सर्व्हेयर पाहून म्हणाले, "हा मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट दिसतोय, तो विम्यात बसत नाही." शोरूमवाले म्हणाले, "तुम्ही बाहेरून रिव्हर्स कॅमेरा बसवून घेतलाय, वॉरंटी संपली, विम्याकडे जा." आता विमा कंपनीतून फोन आलाय, की वाद नको, तडजोड म्हणून साडेचार लाख घ्या, कागदावर सही करा, आम्ही गाडी उचलून नेतो. बँकेचे पाच लाख वीस हजार बाकी आहेत आणि हप्ता चालूच आहे. काका रोज जिन्यात गाठून स्कूटरचं विचारतात. मिस्टर म्हणतात, मिळतंय ते घे आणि मोकळी हो. नक्की पैसे कोणी द्यायचे?
– एक वाचक, कराड

ताई, सही करू नका. आणि ती गाडी, म्हणजे जे काही उरलंय ते, पार्किंगमधून हलू देऊ नका. पुढचं सगळं यानंतर.

नक्की पैसे कोणी द्यायचे, या तुमच्या प्रश्नाला आज एक उत्तर आहे आणि दोन वर्षांनी कदाचित दुसरं असेल. आज, विमा कंपनीने. गाडीत दोष होता की नव्हता, हा विमा कंपनी आणि गाडी बनवणारी कंपनी यांच्यातला वाद आहे. त्यात तुम्हाला मध्ये उभं करून दोघं एकमेकांकडे बोट दाखवतायत, एवढंच सध्या चाललंय.

पॉलिसीचं पुस्तक काढा. बहुतेकांकडे नुसतं दोन पानी सर्टिफिकेट असतं, ते नव्हे. त्याच्याबरोबरच्या अटींची पूर्ण प्रत कंपनीकडून मेलवर मागवून घ्या. त्यात पहिलाच विभाग गाडीच्या नुकसानीचा आहे आणि त्यातली पहिलीच ओळ अशी आहे : 'फायर, एक्स्प्लोजन, सेल्फ-इग्निशन ऑर लाइटनिंग'. सेल्फ-इग्निशन म्हणजे गाडीने आपली आपण पेट घेणं. आता उभी असलेली गाडी बाहेरून कोणी काडी न लावता पेटते, ती आत काहीतरी बिघडल्याशिवाय का? विमा कंपनीने हा शब्द छापून, त्याचा प्रीमियम घेऊन, वर 'आतल्या बिघाडामुळे पेटली म्हणून पैसे नाहीत' असं म्हणणं मला तरी पटत नाही, आणि ग्राहक आयोगापुढे पटवून देणं त्यांनाही जड जाईल.

सर्व्हेयर ज्या कलमाच्या जोरावर बोलले असतील, तेही याच पुस्तकात खाली आहे. झीज, घसारा आणि 'मेकॅनिकल ऑर इलेक्ट्रिकल ब्रेकडाउन' यांचे पैसे मिळत नाहीत, असं तिथे लिहिलेलं असतं. त्याचा साधा अर्थ असा, की आल्टरनेटर जळला, स्टार्टर बसला, तर तो विम्यातून बदलून मिळणार नाही. एखादी वायर सदोष निघाली तर त्या वायरीचे पैसे ते कापतील, कापू देत. त्या वायरीमुळे लागलेल्या आगीत अख्खी गाडी गेली, तर ते नुकसान आगीचं.

दुसरं म्हणजे, सर्व्हेयर तोंडी काय म्हणाले याला काडीची किंमत नाही. नुकसान किती आणि कशामुळे, याचा अहवाल देणं त्यांचं काम. दावा मंजूर की नामंजूर हे कंपनीने ठरवायचं आणि नामंजूर असेल तर कारणासह लेखी कळवायचं. म्हणून आजच कंपनीला मेल करा : सर्व्हे अहवालाची प्रत द्या, आणि पूर्ण दावा नाकारत असाल तर कोणत्या कलमाखाली ते लिहून द्या. 'वाद नको, साडेचार लाख घ्या' हे फोनवरच का येतं, कागदावर का येत नाही, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

सात लाखांचा हिशेबही एकदा डोळ्यांखालून घाला. वर्कशॉपने दिलेला दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला, म्हणजे तुमच्या बाबतीत सव्वापाच लाखांच्या वर, की गाडी 'टोटल लॉस' धरतात. इंजिन बे आणि डॅशबोर्ड दोन्ही गेलेत म्हणता, म्हणजे अंदाज त्याच्या खाली येणं कठीण. टोटल लॉसमध्ये सुट्या भागांचा घसारा लागत नाही. आयडीव्हीतून सक्तीची वजावट, 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला हजार रुपये, एवढीच जाते. गाडीवर बँकेचा बोजा आहे, त्यामुळे पैसे आधी बँकेला जातील आणि उरलेले, पावणेदोन लाखांच्या आसपास, तुम्हाला. साडेचार लाखांत मात्र बँकेचंही भागत नाही. गाडी गेली आणि वर सत्तर हजारांचं कर्ज राहिलं, ही कसली मोकळीक? मिस्टरांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. आणि हप्ता थांबवू नका. दावा अडकलाय हे बँकेला चालत नाही, सिबिल स्कोअर तुमचा खराब होतो.

आता त्या सहीच्या कागदाबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे.

विमा कंपनीने तुम्हाला पैसे दिले, की ज्याच्या चुकीने नुकसान झालं त्याच्याकडून ते वसूल करण्याचा तुमचा हक्क तिच्याकडे जातो. यालाच सब्रोगेशन म्हणतात. त्यात गैर काही नाही. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळू नयेत, एवढंच. पण या कागदांचे प्रकार असतात. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चरण स्पिनिंग मिल्सच्या खटल्यात ते नीट उलगडून सांगितले आहेत. नुसतं सब्रोगेशन असेल, तर विमा कंपनीचा हक्क तिने दिलेल्या रकमेपुरता. वसुली जास्त झाली तर वरचे पैसे तुमचे. पण त्याच कागदात 'असाइनमेंट', म्हणजे सगळे हक्क कायमचे हस्तांतरित, असं असेल, तर वसूल झालेलं सगळं त्यांचं आणि तुमच्या हातात भोपळा. वर 'फुल अँड फायनल' असतंच. म्हणून पूर्ण रक्कम देऊ केली तरीही कागद वाचा, आणि सहीच्या वर स्वतःच्या हाताने एक ओळ लिहा : 'विमा कंपनीने न दिलेल्या नुकसानीबद्दल गाडीचे उत्पादक व विक्रेते यांच्याविरुद्धचे माझे हक्क राखून.' समोरचा माणूस म्हणेल, असं लिहिता येत नाही. लिहिता येतं.

पुढे विमा कंपनी खरंच गाडी कंपनीच्या मागे लागते का? अमेरिकेत लागतात. टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात, अशा तक्रारींचं वादळ उठलं, तेव्हा 2010-11 मध्ये तिथल्या ऑलस्टेट आणि इतर काही विमा कंपन्यांनी 'आम्ही चुकवलेले अपघाताचे दावे तुमच्या दोषामुळे आले, ते भरून द्या' म्हणून टोयोटावर खटले भरले होते. आपल्याकडे एका सात लाखांच्या दाव्यासाठी तज्ज्ञ नेमून गाडी कंपनीशी वर्षानुवर्षं भांडायला सहसा कोणी विमा कंपनी जात नाही. ती रक्कम एकूण दाव्यांच्या ढिगात जाते आणि तो ढीग पाहून पुढचे प्रीमियम ठरतात. म्हणजे दोष कंपनीचा असला तरी अंतिम बिल पुष्कळदा तुम्हीआम्ही वाटून भरतो. मला हे चीड आणणारं वाटतं. पण त्यावर उपाय तुमच्या दाव्यात नाही, म्हणून इथेच सोडते.

तुमच्या हातात आहे तो पुरावा, आणि तो पार्किंगमध्ये उभा आहे. दावा मंजूर झाला की भंगारवाला आठवड्यात येतो, गाडी तोडली जाते, आणि त्यानंतर कंपनीच्या वकिलाचं पहिलं वाक्य असतं : 'दोष होता हे तपासायला गाडी कुठे आहे?' म्हणून उचलू देण्याआधी दिवसाउजेडी सगळ्या बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ घ्या. चासी नंबर दिसला पाहिजे. बॅटरीची दोन्ही टोकं, फ्यूज बॉक्स, वायरिंगचा मुख्य जुडगा कुठून कुठे गेलाय आणि कुठे जास्त जळलाय, हे जवळून घ्या. पत्र्याचा रंग पाहा. आग जिथे जास्त वेळ आणि जास्त तापली, तिथला रंग पार उडून पत्रा पांढुरका किंवा गंजल्यासारखा तांबूस झालेला असतो. तो डाग कोणत्या कोपऱ्यात आहे याचा फोटो फार कामाचा. कशालाही हात लावू नका आणि शोरूमच्या माणसाला 'तपासायला' म्हणून एकही भाग काढून नेऊ देऊ नका.

जोडीला कागद. पोलीस ठाण्यात अकस्मात जळीतची नोंद झाली असेल, तिची आणि पंचनाम्याची प्रत घ्या. नगरपालिकेच्या अग्निशमन विभागाचा दाखला घ्या. सर्व्हिसिंगची सगळी बिलं आणि मिस्टरांच्या उपचारांची कागदपत्रं फाइल करा. मग विमा कंपनी, गाडी कंपनी आणि शोरूम, तिघांनाही एकच पत्र मेलने आणि स्पीड पोस्टने धाडा, की गाडी अमुक ठिकाणी जशी आहे तशी आहे, पंधरा दिवसांत येऊन सर्वांसमक्ष तपासा. आली तर तपासणी होईल, नाही आली तर 'बोलावलं होतं, फिरकले नाहीत' हा तुमचा पुरावा. ग्राहक आयोगालाही दोष शोधण्यासाठी गाडी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवण्याचा अधिकार आहे, आणि वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआयसारखी संस्था तुमच्यापासून फार लांब नाही, पुण्यातच आहे.

कॅमेऱ्याने घाबरून जाऊ नका. तो पॉलिसीत नोंदवलेला नसेल तर कॅमेऱ्याचे पैसे मिळणार नाहीत, झालं. पण त्याच्यामुळे आग लागली असं म्हणणाऱ्याने ते दाखवायला हवं. कॅमेऱ्याची वायर साधारण मागच्या रिव्हर्स लाइटवरून पुढे स्क्रीनपर्यंत येते. तुमची आग बॉनेटखाली सुरू झाली. ज्याने बसवला त्या दुकानदाराकडून बिल घ्या आणि वीज कुठून घेतली, वायर कापून जोड दिला की कपलर वापरला, हे लिहून घ्या. कापून जोड दिला असेल, तोही थेट बॅटरीवरून आणि फ्यूजशिवाय, तर मात्र तुमची बाजू लंगडी पडते, हे आधीच सांगून ठेवते.

गाडी कंपनीविरुद्ध काय मागता येईल, यात एक बारकावा आहे आणि वकीलसुद्धा तिथे अडखळतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'उत्पादन दायित्व' नावाचं नवं प्रकरण आलं. त्यात निष्काळजीपणा झाला नव्हता असं सिद्ध करूनही उत्पादकाची सुटका होत नाही. पण त्यातल्या 'हानी'च्या व्याख्येतून खुद्द ती वस्तू वगळली आहे. म्हणजे मिस्टरांचा भाजलेला हात, काकांची स्कूटर, सोसायटीची वायरिंग ही हानी त्यात बसते. जळालेली कार बसत नाही. कारसाठी 'सदोष माल' म्हणून त्याच कायद्याखालची जुनी वाट धरायची : बदलून द्या किंवा किंमत परत करा. तक्रारीत दोन्ही मागण्या वेगवेगळ्या मांडायला सांगा. विम्यातून मिळालेले सात लाख त्यातून वजा होतील. मागायचं ते वरचं. गाडीला मोजलेली किंमत आणि आयडीव्ही यांतला फरक, रजिस्ट्रेशन, गेलेला नो-क्लेम बोनस (दावा न केल्यावर प्रीमियममध्ये मिळणारी सूट), उपचाराचा खर्च. तुमच्या पॉलिसीतलं पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी असतं, साध्या भाजण्याच्या बिलाला त्याचा उपयोग नाही.

हे सिद्ध होतं का? 2022 च्या एप्रिलमध्ये ह्युंदाईच्या क्रेटा गाडीचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. अपघातात एअरबॅग उघडल्या नव्हत्या. कंपनीचं म्हणणं, धडक पुरेशा जोराची नव्हती. ग्राहक काही भौतिकशास्त्रातला तज्ज्ञ नसतो, असं सांगून न्यायालयाने ग्राहकाला दिलेली भरपाई कायम ठेवली. दुसरी बाजूही ऐका. 2021 मध्ये गोव्यातून आलेल्या टाटा मोटर्सच्या प्रकरणात डीलरने 2009 सालची गाडी 2011 ची म्हणून विकली होती. त्या लबाडीबद्दल उत्पादकाला जबाबदार धरायला न्यायालयाने नकार दिला. धडा एवढाच, की शोरूम आणि कंपनी एकच समजू नका, दोघांनाही सामनेवाले करा आणि कोणाची चूक कोणती ते वेगळं लिहा.

तुमच्याच मॉडेलच्या आणखी गाड्या पेटल्या आहेत का, तेही पाहा. चासी नंबर टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉल, म्हणजे कंपनीने दोषामुळे गाड्या परत बोलावल्यात का, ते तपासता येतं. एप्रिल 2021 पासून मोटार वाहन नियमांत सक्तीच्या रिकॉलची तरतूद आहे, सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी, आणि मालकाने 'वाहन' पोर्टलवर तक्रार नोंदवायची असते. तुम्ही नोंदवा. 2022 च्या मार्चमध्ये पुण्यात लोहगावला ओलाची स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. पुढच्याच महिन्यात कंपनीने त्या खेपेतल्या 1,441 स्कूटर तपासणीला परत बोलावल्या. एकट्या मालकाचं म्हणणं आणि अशी नोंद पाठीशी असलेलं म्हणणं, यात आयोगापुढे फार फरक पडतो.

राहिले काका. त्यांना 'कंपनीकडे मागा' असं सांगू नका. तुमच्या गाडीमुळे त्यांचं नुकसान झालंय, ते भरून द्यायला तुमच्या पॉलिसीचा थर्ड पार्टी भाग आहे. मालमत्तेच्या नुकसानीसाठी साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत. गाडी उभी होती, चालवत नव्हतो, मग थर्ड पार्टी कसा, असं कोणी म्हणालं तर त्याला तुमच्याच जिल्ह्याचं उदाहरण द्या. 1987 च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय महामार्गावर कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर पहाटे तीनच्या सुमारास उलटला, पेट्रोल गळत राहिलं आणि चारेक तासांनी स्फोट होऊन जमलेली माणसं गेली. उलटल्यावर टँकर तर जागचा हललेला नव्हता. तरी हा मोटार वाहनाच्या वापरातूनच झालेला अपघात आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सांगितलं. गाडीच्या दोषाची सबब तिसऱ्यापुढे सांगून विमा कंपनीची सुटका कशी होत नाही, तेही 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दिसलं : टायर फुटणं ही देवाची करणी असल्याचं म्हणणं फेटाळून मृताच्या कुटुंबाची सव्वा कोटीची भरपाई कायम झाली.

काकांच्या स्कूटरला स्वतःचा फुल विमा असेल तर त्यांना तोच सर्वांत लवकर पैसे देईल. नसेल तर मोटार अपघात दावा प्राधिकरण. दोन्हींत त्यांना तुमच्या पॉलिसीची आणि पंचनाम्याची प्रत द्या, आणि त्यांची मागणी आली हे तुमच्या विमा कंपनीला लेखी कळवा. मात्र 'चूक आमची, पैसे देऊ' असं कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून देऊ नका. कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, अशी पॉलिसीतच अट असते आणि तिचा आधार घेऊन ते हात झटकतील. सोसायटीलाही हेच.

दाद कुठे मागायची? मी तुमच्या जागी असते तर दोन वाटा धरल्या असत्या. विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आज लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याचे विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि निर्णय विमा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र त्याच दाव्याची तक्रार आधी ग्राहक आयोगात टाकली असेल तर लोकपाल ती घेत नाहीत, म्हणून क्रम चुकवू नका. गाडी कंपनी आणि शोरूमसाठी साताऱ्याचा जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस दिल्लीत असो की चेन्नईत. गाडीची किंमत पाच ते दहा लाखांत असेल तर फी दोनशे रुपये, आणि तक्रार घरबसल्या ई-जागृती पोर्टलवर दाखल होते. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. वकील सक्तीचा नाही, पण या प्रकरणात तज्ज्ञाचा अहवाल आणि उलटतपासणी येणार, म्हणून तिथे मात्र घ्या, आणि शक्यतो मोटारीची प्रकरणं चालवलेला घ्या.